हिवरतळची ओल

हळद कालच उपसून झाली होती, आज रिकाम्या पेवाच्या भिंती तेवढ्या बघायच्या होत्या. भाऊसो मुकादमानं वरून आधी कंदील सोडला. तो तळाला टेकून नीट जळत राहिला, म्हणजे हवा चांगली होती. मग आकाराम दोर धरून, भिंतीतल्या खोबणींत पाय देत सावकाश खाली उतरला. गेली साडेतीन वर्षं तो सांगलीच्या एका वखारीत हेच काम करत होता. हरिपूरच्या मातीत खणलेली ही पेवं. वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, आत रांजणासारखं सुटलेलं पोट. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकते ती माती कोरडी असते म्हणून, आणि माती खरोखर कोरडी आहे की नाही हे सांगणारा माणूस म्हणजे आकाराम. डोळे मिटून तो भिंतीवर तळहात ठेवायचा. तळव्याला धूळ लागली तर पेव चांगलं, गारवा लागला तर नामंजूर. त्याचा शब्द वखारीत कुणी मोडत नसे, आणि ह्याचंच त्याला कधीकधी भय वाटायचं. आज आठ-नऊ हात खाली गेल्यावर त्याच्या तळव्याखाली काहीतरी दबलं. मऊ, गार, गांडुळासारखं. त्यानं हात झटकला, मग मान वाकडी करून पाहिलं. सुतळीएवढं एक पांढरं मूळ भिंतीतून वीतभर बाहेर आलं होतं आणि पोकळीत लोंबत होतं. रस्त्याकडेच्या चिंचेचं. तीस-पस्तीस पावलांवरची ती चिंच जमिनीखालून, अंधारात, पाण्याच्या मागावर चालत इथवर आली होती, आणि पुढं जमीनच संपली म्हणून काय करावं ते न कळून थांबली होती.

"काय रं, गप का झालास?" वरून भाऊसोचा आवाज घुमत आला.

"मूळ आलंय. चिंचेचं."

"मग तोड की. चाकू हाय न्हवं?"

चाकू होता. आकारामनं तो कमरेतून काढलाही. पण मुळाच्या टोकाला पाण्याचा एक अगदी बारीक थेंब होता, कंदिलाच्या उजेडात चमकत होता, आणि तो थेंब पडेल की राहील हे बघत आकाराम तसाच दोराला लोंबकळत राहिला. त्याला हिवरतळ आठवलं होतं. खरं म्हणजे आठवायला तो ते विसरला कधीच नव्हता. पण ज्या दारावरून रोज मान खाली घालून जायचं ते दार आज आतून कुणी उघडावं तसं झालं. "ह्या साली हे पेव भरू नगा," तो वर येऊन म्हणाला, "ओल हाय." भाऊसोनं मान हलवली. एका शब्दानं पेव बंद झालं. हात धुवायला तो कृष्णेच्या घाटावर गेला आणि बराच वेळ पाण्यात मनगटं बुडवून बसला.

बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आकाराम चोवीस वर्षांचा होता. आष्ट्याच्या ऊसवाल्या घरातला धाकटा मुलगा. मोठे दोघे पलटणीत, हा एकटाच शिकलेला. सरकारच्या एका लहानशा योजनेत त्याला मोजणीदाराची जागा मिळाली, आणि रहिमतपूरच्या पूर्वेला, माळामाळानं चार कोस आत असलेल्या हिवरतळ नावाच्या गावी त्याचा मुक्काम पडला. उसाच्या पाटात पाय बुडवून वाढलेल्या पोराला तो मुलूख पहिल्या दिवशी परदेशासारखा वाटला. लाल मुरूम, त्यावर कुठं वीतभर, कुठं हात-दोन हात माती, आणि त्या मातीवर गावाचं कुरण: हिवराची शे-दोनशे झाडं, मध्ये एखादा लिंब, एखादी बोर, आणि झाडांच्या मधून जिथं जागा मिळेल तिथं गवत. पवन्या, मारवेल आणि धोतराला शिवून टाकणारं कुसळ. आभाळातून पडेल तेवढ्याच पाण्यावर हे सगळं उभं होतं. त्यातलं झाड किती पितं, गवत किती पितं, आणि दोघांचं पिऊन झाल्यावर जमिनीच्या पोटात किती उतरतं, एवढं शोधून काढायचं काम आकारामकडे होतं. त्यासाठी त्याला एक सोनाराचा ताजवा मिळाला होता, पत्र्याच्या झाकणाच्या चाळीस डब्या, एक वही, आणि खड्डे खणायला रमजान.

रमजान विहिरी खणणारा. आकारामपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, काटक, बोलताना एक डोळा बारीक करणारा. तो खणायचा आणि आकाराम काठावर उभा राहून लिहायचा. हातभर खोलीवरची माती एका डबीत, दोन हातांवरची दुसऱ्या, तीन, चार. काही खड्डे झाडाच्या सावलीत, काही उघड्या गवतात. मग माती तोलायची, तीन दगडांच्या चुलीवर पत्रा ठेवून ती भाजायची, आणि पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. पहिल्या दिवशी रमजान डोळा बारीक करून म्हणाला होता, "म्हंजे सायेब, तुमी मातीचा घाम मोजताय." आकारामला त्याचं हसू आलं होतं, पण वहीत लिहिण्याजोगं ते नव्हतं. चैत्र, वैशाख, अर्धा जेठ. आकड्यांखाली आकडे जमत गेले आणि त्यांतून एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसू लागली, की रात्री अंथरुणावर त्याचं अंग आनंदानं शहारायचं. गवताची मुळं वरच्या दोन हातांतलं पाणी घेत होती. हिवर त्यांच्या वाटेला फारसा जातच नव्हता. तो खाली, मुरुमाच्या भेगांत, चार हातांवर, सहा हातांवर पीत होता. दोघांनी जणू जमीन वाटून घेतली होती. आणि झाडांखालची खोल माती भाजलेल्या मातीइतकी कोरडी होती. विहिरीला मिळायचं ते ह्या खालच्या वाट्यातलं. तो वाटा हिवर खात होता. चोवीस वर्षांच्या माणसाला ह्याहून आणखी काय लागतं?

जेठात विहिरीनं तळ गाठला तेव्हा गाव चावडीवर जमलं आणि लालासाहेब पाटलांनी त्याला सरळ विचारलं, की बाबा, इतकं खणलंस, काय निघालं? आकाराम उभा राहिला. त्या वेळचा आपला आवाज त्याला पुढे साडेतीन वर्षं ऐकू येत होता: खणखणीत, जरा नाकातला, ज्या मास्तरांकडे तो शिकला त्यांच्यासारखा. झाडं तोडा, असं त्यानं सांगितलं. कुरणातले सगळे हिवर काढा, विहिरीचं पाणी वाढेल. लोक एकमेकांकडे बघू लागले. फक्त बनुबाई नावाची एक म्हातारी, शेरडं राखणारी, पायरीवरून म्हणाली होती, "आन् सावलीला काय तुमची वही धरू व्हय?" लोक हसले. आकारामही हसला, वरच्या पायरीवरून हसावं तसा. पण त्याच वेळी चावडीच्या खांबाला टेकून एक माणूस बसलेला त्यानं पाहिला. तो गावचा नव्हता. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, सगळ्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि कोळशाचे ठेकेदार झाडी हुडकत गावोगाव हिंडायचे. त्यांतलाच एक. तो आकारामच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

मग पाऊस पडून गेला आणि आश्विनात आकारामनं पुन्हा खड्डे घेतले. त्याला खात्री होती, जुनेच आकडे पुन्हा येतील. आले भलतेच. उघड्या, कडक झालेल्या जमिनीत ओल हातभरसुद्धा उतरली नव्हती. पाणी वरच्यावर वाहून गेलं होतं. झाडाच्या बुंध्याशी ती मुळांच्या धारेनं खोल गेली होती, पण झाडानंच ती पिऊन टाकायला सुरुवात केली होती. आणि झाडापासून सात-आठ पावलांवर, जिथं सावली विरळ होती आणि गवत दाट होतं, तिथं रमजानची कुदळ चार हात खाली गेली तरी माती काळी, ओली निघत होती. आकारामनं ताजव्याला दोष दिला. दुसऱ्या दिवशी जागा थोडी बदलून पुन्हा खड्डे घेतले. तेच. रमजान खड्ड्यात उभा राहून वर बघत होता. "सायेब, हे उलटंच की वो," तो म्हणाला. आकारामनं वही मिटली. दोन दिवसांच्या आकड्यांवरून काही बोलू नये, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि अडीच महिन्यांच्या आकड्यांवरून आपण किती बोललो ते आठवून त्याचे कान तापले. आणखी एक उन्हाळा मोजायला हवा होता. पण बेचाळीसच्या चळवळीची धामधूम जिल्हाभर उसळली होती. योजना बंद झाल्याचा कागद आला, चार दिवसांत सामान आवरायचं. पाटलांकडे जाऊन "मी बोललो ते कदाचित चुकलं असेल" एवढं म्हणायला चार दिवस पुरेसे होते. चावडीवरून तो तीनदा गेला. चौथ्या दिवशी पहाटे रमजान यायच्या आत त्यानं गाडी जोडायला सांगितली.

कृष्णेच्या घाटावरून उठून घरी आल्यावर त्यानं रंगूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं, की उद्या जरा रहिमतपूरकडे जाऊन येतो. "कशाला?" तिनं विचारलं. "काम हाय." लग्नाला अडीच वर्षं झाली होती. ह्या माणसाच्या पोटात काहीतरी आहे, हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, कारण घरापुढच्या बोळात लिंबाची फांदी छपरावर आली तेव्हा शेजारी ती तोडत असताना हा उठून मागच्या दारानं निघून गेला होता. तिनं विचारलं नव्हतं. आजही त्या एका 'कशाला'पुढं काही विचारलं नाही. चटणी-भाकरीचं फडकं बांधून दिलं आणि म्हणाली, "उन्हाचं डोकं झाकून घ्या."

मिरजेला गाडी बदलून खिडकीशी बसल्यावर त्याला वाटलं, उतरावं, अजून वेळ गेलेली नाही. न बघितलेल्या गोष्टीत निदान एक फट असते. त्या फटीवर त्यानं साडेतीन वर्षं काढली होती. चव्वेचाळीस साली उन्हाळ्यात सांगलीच्या बाजारात कडब्याच्या गाडीवरचा एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, "हिवरतळची हीर तर खडखडीत पडलीया, बायका दोन कोसांवरनं पाणी आणत्यात." तो पुढं आणखी काही सांगत होता. आकाराम ते ऐकायला थांबला नाही. तो भराभर चालत गेला, आणि पुढं कित्येक दिवस डोळे मिटले की त्याला डोक्यावर घागर घेतलेल्या बायकांची रांग दिसायची, बोडक्या लाल माळावरून, एका झाडाची सावली नाही, आणि सगळ्यांत मागं बनुबाई. ती काही बोलत नसे. हेच वाईट होतं. पेवात उतरताना, तळवा भिंतीला लावताना त्याला वाटायचं, आपल्याला शिक्षा म्हणून हे काम दिलंय: कोरड्या मातीच्या पोटात रोज उतरायचं आणि ती कोरडी आहे असं सांगून वर यायचं. किर्लोस्करवाडी गेली, ताकारी गेली, कराड गेलं. उन्हानं खिडकीच्या सळया तापल्या. समोरच्या बाकावर लढाईवरून परत आलेला एक शिपाई बूट काढून, पाय वर घेऊन घोरत होता. त्याच्या झोपेचा आकारामला हेवा वाटला.

रहिमतपूरला उतरून तो पायीच निघाला. चौथ्या कोसाला एक बारकी खिंड लागते, तिथून हिवरतळचं कुरण एकदम पुढ्यात येतं. खिंड चढताना त्यानं नजर जमिनीवर ठेवली. पावलं मोजू लागला, आणि मोजता मोजता लक्षात आलं, की आपण गवताच्या खुंटांवरून चालतो आहोत. कापून नेलेल्या गवताचे दाट, पिवळे, टाचेला टोचणारे खुंट. पूर्वी इथं नुसता मुरूम होता. तो थांबला. मग त्यानं मान वर केली. झाडं कमी झाली होती. निम्मी तरी गेली होती. ज्या राईतून शेरडूसुद्धा अंग चोरून जायचं तिथं आरपार आभाळ दिसत होतं. केलं, तोडलं, आपण सांगितलं आणि ह्यांनी तोडलं. पाय पुढे टाकवेना. पण डोळे बघतच राहिले, मोजायची सवय लागलेले डोळे, आणि हळूहळू त्यांना दुसरं काही दिसू लागलं. उरलेला हिवर कसाही उरलेला नव्हता. एक झाड, मग दहा-बारा पावलं मोकळी, मग दुसरं झाड. सगळी जुनी, छत्रीसारखी पसरलेली, नव्या पोपटी पानांची, शेंगांनी लगडलेली. आणि मधल्या मोकळ्या जागेत गवताच्या गंज्या उभ्या होत्या. एक, दोन, पाच, नऊ. त्या एवढ्याशा गावाला चैत्रात नऊ गंज्या!

एका गंजीच्या आडून डोक्याला फडकं बांधलेला माणूस बाहेर आला, डोळ्यांवर हात धरून बघू लागला, आणि मग त्यानं एक डोळा बारीक केला.

"कोण? सायेब? आरं तिच्या, सायेबच की!"

रमजानच्या मिशीत पांढरे केस आले होते. तो जवळ आला, आकारामचे दोन्ही दंड धरून हलवले, आणि तोंडभर हसला. आकारामला वाटलं होतं, हा माणूस तोंड फिरवेल. किंवा निदान विचारेल, की न सांगता गेलात का. त्यानं तसं काही विचारलं नाही. "चला, सावलीत बसा आधी," तो म्हणाला. आकाराम बसला नाही. उभ्यानंच त्यानं विचारलं, "हीर?"

"हाय की. का?"

"पाणी?"

"हाय की वो! पुरुषभर तरी असंल."

"चव्वेचाळीस साली आटली होती म्हणं."

"व्हय, आटली. त्या साली पाऊसच कुठं पडला? सगळ्या मुलखाच्या आटल्या. मग गावानं मिळून गाळ काढला, पुढच्या साली परत लागलं पाणी." रमजाननं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमाला काय झालंय? ऊन लागलं काय?"

तेव्हा आकाराम खाली बसला. आणि जे साडेतीन वर्षं कुणापुढे उच्चारलं नव्हतं ते त्या गंजीच्या सावलीत तो सांगू लागला. चावडी, ठेकेदार, आश्विनातले खड्डे, पहाटेची गाडी. सांगताना त्याला आपलं बोलणं लहान मुलासारखं ऐकू येत होतं. रमजान ऐकत होता, काडीनं दात कोरत होता. मधेच तो हसायला लागला. आधी तोंड दाबून, मग मोठ्यानं.

"सायेब, राग मानू नगा. पर तुमी त्या दिशी बोलला ती भाषा गावातल्या निम्म्या माणसांला कळलीच न्हाई. 'आर्द्रता', आन् 'शोषण', आन् काय काय. जोतिबा गुरव तर घरी जाऊन बायकूला म्हणाला, सायेब म्हनतोय हिवर तानेलं हायती, त्यांला पाणी घाला."

आकाराम त्याच्याकडे बघत राहिला. आतून काहीतरी दुखावलं, हे त्याला स्पष्ट कळलं. एवढ्या वर्षांचं ओझं, आणि त्याचं वजन कुणी केलंच नव्हतं! आपल्या एका वाक्यानं गाव उजाड झालं असं तो मानत आला होता, आणि गावाला ते वाक्यच नीट ऐकू गेलं नव्हतं. मग ते दुखावणंही त्याला हास्यास्पद वाटलं. घशातून एक विचित्र आवाज निघाला, तो हसण्याचा आहे की कशाचा हे त्यालाही सांगता आलं नसतं. रमजाननं तांब्या पुढे केला.

"पर झाडं तर तोडली," आकाराम पाणी पिऊन म्हणाला.

"तोडली. मग सांगतो की. तो कोळसेवाला सगळंच कुरण मागत हुता. लालासाब म्हनले, आधी देवळामागची राई घे, एवढीच. ती त्यानं साफ केली, बुडख्यासकट. आन् मी म्हनलं, सायेब गेलं, खड्डं आपल्याला येत्यातच की. ताजवा नव्हता माज्याकडं. हातानं बगायचं." त्यानं जमिनीवरची चिमूटभर माती उचलून मुठीत आवळली. "चार हात खणायचं, खालची माती घेऊन लाडू वळायचा. लाडू राहिला तर ओल. फुटला तर न्हाई. राई तोडली तिथं पयल्या साली लाडू झाला, मला वाटलं सायेब खरं बोलला. दुसऱ्या साली पावसानं वरची जमीन अशी थापटली, पार चुन्यासारखी. पाणी उतरंना. फुटला लाडू. दाट राईत तर कवाच न्हवता होत. आन् सुट्ट्या झाडापास्नं आठ पावलांवर, तुमी आश्विनात बगितलं हुतं तिथं, दर साली लाडू. मग मी गावाला दाखवलं. लोकांनी सोता हातात माती घेतली. मग विरळणी केली. जुनं झाड ठेवायचं, अंगाला अंग लागलेलं काढायचं, आन् दोन साल शेरडं आत सोडायची न्हाईत. कोळसेवाला बोंबलत गेला."

"किती खड्डे खणलास?"

"कुणी मोजलं? दर आश्विनात आन् दर चैतात."

तीन वर्षं. जो उन्हाळा आणखी मोजायला हवा होता तो, आणि त्यापुढचेही, हा माणूस एकटा मोजत होता; वही नाही, डबी नाही, कुणी सांगितलं नाही. आकारामच्या मनात एक बारीकशी असूया उठली. ती त्यानं ओळखली आणि तिला तिथंच राहू दिली. तिच्या शेजारी दुसरं काहीतरी पसरत होतं, उन्हातून आलेल्या माणसाच्या पाठीवर वारा लागावा तसं. आपण चुकलो होतो. चुकणं खरंच होतं, आणि तरी जग त्या चुकीवर थांबून राहिलं नव्हतं. त्याच्या मागून दुसरा माणूस कुदळ घेऊन आला होता.

विहिरीवर त्यानं वाकून पाहिलं. पाणी हिरवट, स्थिर. एका बाईची घागर बुडाली, डचमळली, वर आली. मग रमजान म्हणाला, "आता तुमची जागा दावतो," आणि त्याला देवळामागं घेऊन गेला. तिथं आठ-दहा गुंठ्यांचा एक तुकडा होता. पांढरा, टणक, भेगाळलेला. एक काडी गवत नाही. "ही तेवढी तुमची," रमजान म्हणाला. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती, पण आकाराम तिथं उभा राहिला तेव्हा पायांखाली जमीन वाजली. ही चूक खरी होती, त्याचीच होती. तिच्यातून त्याला कुणी सोडवणार नव्हतं. तुकड्याच्या कडेला काटेरी फाट्यांचं कुंपण घालून त्यात शेरडं कोंडली होती, आणि कुंपणाशी बनुबाई बसली होती, आणखी वाळलेली, आणखी लहान. तिनं त्याला ओळखायला वेळ लावला. ओळखल्यावर म्हणाली, "वहीवाला व्हय? बस."

तो बसला. "बनुआत्या, मी चुकीचं सांगितलं होतं," तो म्हणाला. हे वाक्य मनात इतक्यांदा म्हटलं होतं, की बाहेर पडल्यावर ते झिजून गेल्यासारखं वाटलं.

"ठावं हाय मला," बनुबाई म्हणाली. "तवाच म्हनलं न्हवतं का? आता हिकडं बघ." तिनं काठीच्या टोकानं जमीन उकरली. लेंड्यांच्या थराखाली माती भुसभुशीत झाली होती, आणि तिच्यातून बोटाएवढी, दोन दोन पानांची रोपटी वर आली होती. "शेंगा खात्यात शेरडं, बी पचत न्हाई त्यांला. हितं बसवली की हितंच उगवतंय. रोज कुडाण चार हात पुढं सरकवते. माज्या हयातीत अर्धं हुईल. उरलेलं कोन करंल ते करंल." आणि मग त्याच्याकडे वळून, "तू लय वाळलास रं. खात न्हाईस का काय?"

रमजानच्या घरी चांदबीनं, त्याच्या बायकोनं, भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाची पोर होती. ती सारखी आकारामच्या टोपीला हात घालत होती आणि टोपी हातात आली की फेकून देत होती. आकाराम दर वेळी टोपी उचलून पुन्हा घालत होता. बोलणं झाडांचं, विहिरीचं, पुढच्या आश्विनात किती खड्डे घ्यायचे त्याचं. दिवस कलायच्या आत रमजाननं त्याला रहिमतपूरच्या वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा रंगूबाई भाकऱ्या थापत होती. चुलीपुढं पाट ओढून तो बसला आणि न विचारताच सांगू लागला. ती थापत राहिली. ताजव्याचं ऐकताना तिनं मान हलवली, जोतिबा गुरवानं हिवराला पाणी घालायचं म्हटलं ते ऐकून ती इतकी हसली की भाकरी तव्यावर मोडली, आणि देवळामागच्या तुकड्याचं ऐकताना तिचा हात पिठात तसाच राहिला. सगळं संपल्यावर तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. आकाराम वाट बघत होता. इतकं बोलून तो आतून मोकळा, हलका आणि थोडा लाजलेला होता.

"त्या पोरीचं नाव काय?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"रमजानच्या. टोपी फेकणाऱ्या."

आकाराम आठवू लागला. डोळ्यांपुढं पोरीचे जावळाचे केस आले, खालचे दोन दात आले. नाव आलं नाही. त्यानं विचारलंच नव्हतं. मग एकेक लक्षात येऊ लागलं: चांदबीच्या मनगटाला चिंधी कशाची बांधली होती, बनुबाईला कुणी आहे की ती एकटी राहते, लालासाहेब कुठं दिसले नाहीत ते का, दिवसभरात त्यानं ह्यातलं काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. गावभर फिरून तो फक्त स्वतःची चौकशी करून आला होता.

"न्हाई विचारलं," तो म्हणाला.

"म्हंजे परत जायला पायजे," रंगूबाई म्हणाली. तिनं भाकरी उलटली. "या खेपेला मीबी येते. आन् लेकराच्या घरी रिकाम्या हातानं न्हाई जायाचं, एक झबलं शिवते."

"कवा जायाचं?" आकारामनं विचारलं. आवाजात इतकी घाई होती, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"आधी जेवा की," ती म्हणाली.